कमरेएवढा बाजार

मे महिन्याच्या अखेरीस रत्नागिरीच्या बाजारात दोन गर्द्या एकत्र येतात. एक इथल्या माणसांची, आगोटीची. सुके बांगडे, सोडे, जवळा, मिरच्या, कांद्याच्या माळा, आमसुलं, पाऊस लागायच्या आत घरात यायला हवं ते सगळं. दुसरी मुंबईला परतायला निघालेल्या चाकरमान्यांची. त्यांना आंबापोळी हवी असते, फणसपोळी, काजूगर आणि जमलीच तर हापूसची शेवटची एखादी पेटी. राम आळीत या दोन्ही गर्द्या एकमेकींना कोपरानं ढकलत असतात. त्यांच्या खाली, कमरेच्या पातळीवर, तिसरी एक गर्दी असते, तिच्याकडे मात्र कुणी बघत नाही. ती मुलांची.

या मुलांना बाजारात गप्प कसं ठेवायचं, याचे उपाय घरोघरी ठरलेले आहेत. बर्फाचा गोळा घेऊन देणं, हा सगळ्यात जुना. तो दहा मिनिटं पुरतो आणि मग चिकट हातांचा नवा प्रश्न उभा राहतो. ‘पोलीसमामा नेतील हां’ हा दुसरा, आणि पोलिसांवर अन्याय करणारा. बाबांना मुलांसकट दुकानाबाहेर उभं करणं, हा तिसरा. त्यात दोन्ही पक्ष सारखेच कंटाळतात. हल्ली चौथा उपाय बाकीच्या तिघांना पुरून उरलाय, तो म्हणजे मोबाइल. गल्ल्याला टेकून, मान खाली घालून, हलणाऱ्या चित्रांत बुडालेलं पोर आता प्रत्येक दुकानात दिसतं. मी त्या आयांना नावं ठेवत नाही. उन्हात, दोन पिशव्या, कडेवर एक आणि हाताशी एक घेऊन जिनं वर्षाची मिरची निवडली आहे, तिला हा उपाय का सुचतो हे समजायला फार डोकं लागत नाही.

पण मुलं बाजारात कंटाळतात, हे गृहीतच मला अलीकडे खोटं वाटू लागलंय. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून वाणी मला बसायला बुटकं स्टूल देतो. त्यावर बसलं की डोळे बरोबर पाच वर्षांच्या पोराच्या उंचीवर येतात, आणि तिथून दुकान दिसतच नाही. दिसतो तो गल्ल्याचा सनमायका, लोकांच्या मांड्या, पिशव्यांचे बुडखे आणि कुणाची तरी ओली छत्री किंवा घामट सदरा. तराजू वर, बरण्या वर, बोलणी वर, पैसे वर. जे काही घडतं ते सगळं छपरापाशी घडतं आणि खाली नुसता उकाडा पोचतो. अशा ठिकाणी मला पंधरा मिनिटं उभं केलं तर मीही कुणाचा तरी पदर ओढीन.

याच्या उलट मिरकरवाडा. बंदरावर मासे घ्यायला मुलांना नेऊ नये, वास येतो, चिखल असतो, असं नव्या सुनांचं म्हणणं. माझी नात मात्र तिथं तासभर हलत नाही. कारण साधं आहे. मासेवाली जमिनीवर बसलेली असते. तिचं तोंड आणि पोराचं तोंड समोरासमोर येतं. बांगड्यांचे, मांदेल्यांचे वाटे जमिनीलगत मांडलेले. पोराला वाकून बघावं लागत नाही, वाकावं लागतं ते आम्हाला. टोपलीत कुर्ल्या एकमेकींवर चढत असतात. नातीनं बोट पुढं केलं की मासेवाली घासाघीस अर्ध्यावर सोडून तिच्याशी बोलते, ‘हात नको लावूस गो बाय, चावंल हां ती.’ मग नर कुठला, मादी कुठली, हे उलटी करून पोटाचा आकार दाखवून सांगते. माझ्याशी ती इतकं गोड कधी बोललेली नाही. १ जूनला मासेमारी बंद झाली की जुलैअखेरपर्यंत हा वर्ग बंद, म्हणून मेमध्ये आम्ही दोघी मिळेल तो दिवस साधून घेतो.

गणपतीच्या आदल्या दिवशीचा बाजारही असाच जमिनीवरचा. गणपतीच्या वर टांगायच्या मंडपीला बांधायला लागणारं रानातलं सामान घेऊन गावागावांतल्या बायका रस्त्याच्या कडेला बसतात. लालभडक कवंडळं, हरणाची पिवळी फुलं, तेरडा, आंब्याचे टाळे, शहाळी, सुपारीचे घोस. मुलं त्या ढिगांमध्येच उकिडवी बसतात आणि उठवता उठत नाहीत. तिथं कुणाच्या हातात मोबाइल मी पाहिलेला नाही.

मुलांची ही उंची आपल्या ध्यानात आली नाही, पण व्यापाऱ्यांच्या आली. कुठल्याही नव्या सुपर मार्केटात जा. तांदूळ, डाळी कुठंही असोत, चॉकलेटं आणि खेळणं घातलेली पाकिटं खालच्या फळीवर आणि बिल करायच्या रांगेजवळ. जिथं थांबावं लागतं तिथंच आणि पोराच्या हाताला येतील अशी. ढकलगाडीची गोष्टही मजेची आहे. अमेरिकेत ओक्लाहोमा शहरातल्या सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदारानं १९३७ मध्ये ती आणली, तेव्हा गिऱ्हाइकं तिला हात लावीनात. बाबागाड्या ढकलून दमलोय, आता आणखी ही नको, असं बायका म्हणाल्या, असं सांगतात. शेवटी त्यानं गाड्या ढकलत फिरायला पगारी माणसं ठेवली. पुढं त्याच गाडीत मुलाला बसवायची जागा आली. मूल उंच झालं खरं, पण बसून राहिलं. त्याच्या हातात काम काही आलं नाही.

आणि माझ्या मते सगळी मेख इथं आहे. बार्बरा रोगॉफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी ग्वाटेमालातल्या माया समाजात अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांच्या आणि मारिसेला कोरेया-चावेस यांच्या एका प्रयोगात दोन भावंडांपैकी एकाला खेळणं बनवायला शिकवत आणि दुसऱ्याला नुसतं शेजारी थांबायला सांगत. तुझी पाळी नंतर, तीही दुसऱ्या खेळण्याची. परंपरेनं राहणाऱ्या माया कुटुंबांतली मुलं हे थांबणं वाया घालवत नसत, शेजारचं काम टक लावून बघत. आठवड्यानं तेच खेळणं त्यांच्यापुढं ठेवलं तेव्हा त्यांना मदतही कमी लागली. ही मुलं घरच्या मोठ्यांच्या कामात रोज मिसळलेली असत. आपलं पोर शेतावर, पडवीत, चुलीपाशी आता फारसं मिसळत नाही. राहिला बाजार. तिथंही आपण त्याला बाजूला उभं करतो आणि त्यानं बाजूला उभं राहावं म्हणून वर काहीतरी देतो.

मुलं आजूबाजूच्या गोष्टींतूनच शिकतात, हे आपल्याकडं ताराबाई मोडकांनी फार आधी ओळखलं होतं. १९४५ मध्ये समुद्रकाठच्या बोर्डीला त्यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या जोडीला आल्या. माँटेसोरीची महागडी साधनं गावात कोण आणणार? म्हणून शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली. तो किनारा आणि आमचा किनारा एकच. जे साहित्य त्यांनी टोपलीत भरून वर्गात नेलं, ते मिरकरवाड्यात आणि राम आळीत मांडूनच ठेवलेलं असतं.

बाजारात मुलांना द्यायचं काम म्हणजे काही मोठं नको. नातीला मी आमसुलं निवडायला लावते: काळी, मऊ, वासाची घ्यायची, कोरडी परत टाकायची. नातवाकडं यादी देते. वाचता येत नव्हतं तेव्हा यादीत चित्रं काढत असे, नारळ, कांदा, साबण. माझा साबण त्याला नेहमी वीट वाटे. पूर्वी सुटे पैसे मुलाच्या मुठीत देता यायचे, मोजून द्यायचे, मोजून परत घ्यायचे. आता मोबाइल धरला की व्यवहार संपतो आणि पोराला पैसे दिसतच नाहीत. पण नुसतं गळे काढण्यात अर्थ नाही. गल्ल्यावरच्या त्या डबीतून रक्कम मिळाल्याचा आवाज येतो ना, त्याच्याशी नातू पैज लावतो. बेरीज आधी कोण सांगणार, तो की डबी? तो बरेचदा हरतो. वाणी मात्र आता त्याच्यासाठी एक क्षण थांबतो.

हे सगळीकडं चालत नाही, हेही सांगून टाकते. साडीच्या दुकानात तिसऱ्या साडीनंतर कुठल्याही मुलाला काम देता येत नाही. तिथं मोबाइल द्यावा, नाहीतर त्यांना झाडगावच्या मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा बघायला पाठवावं. आणि काम दिलं की वेळ दुप्पट लागतो. घाईच्या दिवशी मीही मुलांना घरी ठेवून जाते.

परवा वाण्याला म्हटलं, गल्ल्यापुढं मुलांना उभं राहायला एक पाट ठेव ना. तो म्हणाला, ‘आजी, त्याला अडखळून पहिल्या तुम्हीच पडाल.’ त्याचंही बरोबर आहे. आगोटीच्या गर्दीत माणसाला उभं राहायला जागा नाही, तिथं पाटाला कुठून मिळणार? पाऊस लागून गर्दी ओसरली की जूनमध्ये पुन्हा विचारीन.