पाच हजार प्रती आणि एक तिजोरी

‘हंग्री बेंगॉल’ या पुस्तिकेच्या पाच हजार प्रती छापल्या गेल्या होत्या. ब्रिटिश सरकारने त्या जप्त केल्या आणि जाळून टाकल्या. पुस्तिकेत होती ती १९४३ च्या नोव्हेंबर महिन्यात मिदनापूर जिल्ह्यात केलेल्या दौऱ्याची हकिकत आणि काळ्या शाईने काढलेली माणसांची रेखाचित्रे. लेखक आणि चित्रकार एकच होता, चित्तप्रसाद. वय वर्षे अठ्ठावीस.

जाळण्याइतके त्यात काय होते, हे समजण्यासाठी आधी तो काळ पाहावा लागतो.

१९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला. तेथून बंगालमध्ये येणारा तांदूळ थांबला. शत्रू किनाऱ्यावर उतरलाच तर त्याच्या हाती काही लागू नये म्हणून सरकारने किनारपट्टीच्या जिल्ह्यांतील तांदूळ उचलला आणि हजारो होड्या ताब्यात घेतल्या किंवा नष्ट केल्या. पूर्व बंगालमध्ये होडी म्हणजे बैलगाडी, नांगर आणि बाजार हे सारे एकत्र. ती गेली की कोळी आणि शेतकरी दोघेही जागीच खिळले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मिदनापूरवर चक्रीवादळ आदळले. भाव चढत गेले, शेतमजुराची मजुरी मात्र होती तेथेच राहिली. मृतांचा आकडा सरकारी चौकशी आयोगाने सुमारे पंधरा लाख धरला. नंतरच्या अनेक अभ्यासकांनी तो तीस लाखांच्या आसपास नेला. दुष्काळसंहितेनुसार दुष्काळ जाहीर मात्र कधीच झाला नाही.

चित्तप्रसाद यांचा जन्म १९१५ चा, नैहाटीचा. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नाही. जे आले ते स्वतःच्या हाताने आले. चितगावला महाविद्यालयात असताना ते शेतकरी चळवळीकडे आणि कम्युनिस्ट पक्षाकडे ओढले गेले. तेथे ते फॅसिझमविरोधी भित्तिचित्रे हाताने रंगवीत. सोमनाथ होर हा तरुण त्यांच्याबरोबर फिरून रेखाटने शिकला, आणि पुढे तोच भारतातील मोठा मुद्राचित्रकार झाला. भट्टाचार्य हे आडनाव चित्तप्रसादांनी टाकून दिले होते, कारण त्या आडनावात ब्राह्मण्य होते.

पक्षाचे सरचिटणीस पूरणचंद जोशी यांना माणसे हेरण्याची दृष्टी होती. छायाचित्रकार सुनील जाना आणि चित्रकार चित्तप्रसाद या दोघांना त्यांनी दुष्काळाच्या वार्तांकनासाठी बरोबर घेतले. पक्षाचे मुख्यालय तेव्हा मुंबईत होते. इंग्रजी ‘पीपल्स वॉर’ हे साप्ताहिक तेथूनच निघे, आणि मराठी वाचकांसाठी ‘लोकयुद्ध’.

छायाचित्रे असताना रेखाचित्रांची गरज काय, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याच्या उत्तराचा एक भाग तंत्राचा आहे. छायाचित्र छापायचे तर बारीक ठिपक्यांचा ब्लॉक करावा लागे आणि बरा कागद लागे. युद्धकाळात कागदावर नियंत्रण होते. हलक्या, खरबरीत कागदावर ते ठिपके एकमेकांत मिसळून चेहऱ्याचा काळा डाग होई. ठाशीव काळी रेघ मात्र कसल्याही कागदावर उमटते. तिचा ब्लॉक स्वस्त, आणि हातात कुंचला असेल तर तीच आकृती मोठी करून भिंतीवरही काढता येते. चळवळींच्या चित्रकलेत जगभर लाकडाचे आणि लिनोलियमचे ठसे का लोकप्रिय झाले, याचे कारण निम्मे सौंदर्यशास्त्रात आणि निम्मे खिशात आहे. अभ्यासक पहिल्या निम्म्यावरच अधिक लिहितात, ही एक गंमत.

दुसरा भाग अधिक महत्त्वाचा. चित्तप्रसाद ज्याचे चित्र काढीत त्याच्याशी बोलत. नाव विचारीत, गाव विचारीत, धंदा कोणता, घरात किती माणसे होती आणि आता किती उरली हे विचारीत. ते चित्राबरोबर लिहिले जाई. याच दुष्काळाची झैनुल आबेदीन यांची रेखाचित्रे अतिशय थोर आहेत; त्यांतली माणसे मात्र निनावी आहेत, ती सर्व उपाशी माणसांची प्रतिनिधी होतात. चित्तप्रसादांच्या कागदावरचा माणूस कोणाचाच प्रतिनिधी व्हायला तयार नसतो. तो अमुक गावचा अमुक असतो. निनावी प्रेताबद्दल सरकार हळहळू शकते. नाव-गावासह समोर ठेवलेल्या प्रेताबद्दल त्याला उत्तर द्यावे लागते.

येथे एक अवघड गोष्ट टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जून १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत संघावर हल्ला केल्यानंतर कम्युनिस्ट पक्षाने हे युद्ध ‘लोकयुद्ध’ ठरविले, जुलै १९४२ मध्ये त्याच्यावरील बंदी उठली आणि ऑगस्टच्या ‘छोडो भारत’ आंदोलनाला त्याने विरोध केला. मिदनापूर हा तर त्या आंदोलनाचा बालेकिल्ला. डिसेंबर १९४२ पासून तामलुक भागात समांतर राष्ट्रीय सरकार चालू होते. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे ते थोरले भावंडच म्हणावे. अशा जिल्ह्यात सरकारच्या युद्धाला पाठिंबा देणाऱ्या पक्षाचा चित्रकार वही घेऊन फिरत होता. दुष्काळाचा दोष पक्षाच्या प्रचारात ठळकपणे साठेबाजांकडे जाई. युद्धसरकारकडे बोट जपून दाखविले जाई.

आणि तरीही सरकारने पुस्तिका जाळली. पक्षाची भूमिका सरकारला सोयीची होती, चित्रे मात्र नव्हती. पक्षासाठी काढलेले चित्र पक्षाच्या भूमिकेपेक्षा अधिक सांगून जाते, तेव्हा ते कोणाचे असते? चित्तप्रसादांच्या पुढच्या आयुष्यात हा प्रश्न पुन्हा उभा राहणार होता.

बंगालची ही वार्ता मुंबईत चित्रांतून पोहोचली तशी गाण्यांतूनही पोहोचली. अण्णा भाऊ साठे यांनी ‘बंगालची हाक’ हा पोवाडा रचला. ज्या शाहिराच्या स्वतःच्या लहानपणी वाटेगाव ते मुंबई हे अंतर पायी तुटले होते, त्याला मेदिनीपूरच्या वाटेवरची माणसे परकी वाटली नसणार. १९४३ च्या मे महिन्यात मुंबईतच ‘इप्टा’ स्थापन झाली होती. नगारा वाजविणाऱ्या माणसाचे तिचे प्रसिद्ध बोधचिन्ह चित्तप्रसादांनीच रेखाटले. आज ते चिन्ह ओळखणारे पुष्कळ आहेत, चित्रकाराचे नाव सांगू शकणारे थोडे.

१९४६ पासून चित्तप्रसाद मुंबईत स्थिरावले. त्या फेब्रुवारीत शाही नौदलातील खलाशांनी बंड पुकारले, मुंबईचे कामगार रस्त्यावर उतरले आणि गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तेही चित्तप्रसादांच्या चित्रांत आले. पण १९४८ मध्ये पक्षाची सूत्रे जोशींकडून गेली, धोरण बदलले, आणि लवकरच चित्तप्रसाद पक्षापासून दूर झाले. चळवळीचा चित्रकार चळवळीबाहेर पडला की त्याला ना चळवळ विचारते ना बाजार. चित्तप्रसादांचे नेमके तसेच झाले. अंधेरीतील त्यांचे दिवस ओढगस्तीचे होते.

काम थांबले नाही. पन्नाशीच्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी बालमजुरांवर लिनोकटची मालिका केली. बूटपॉलिश करणारी, ओझी वाहणारी मुले. त्यांचे डोळे मोठ्या माणसांचे आहेत. लिनोलियमचा तुकडा, कोरण्या, शाई आणि कागद एवढ्या सामग्रीवर ही चित्रे उभी आहेत. छापखाना मिळाला नाही तर चमच्याच्या पाठीने घासूनही ठसा उमटतो. या मालिकेचे ‘एंजल्स विदाउट फेअरी टेल्स’ हे पुस्तक १९६९ साली निघाले, आणि तेही युनिसेफच्या डेन्मार्क समितीने काढले. मुंबईच्या पदपथावरची मुले कोपनहेगनला आधी पोहोचली. शेजारच्या मुलांसाठी चित्तप्रसादांनी ‘खेलाघर’ नावाचा कळसूत्री बाहुल्यांचा खेळही चालविला. बाहुल्या स्वतः घडविल्या.

१९७८ साली कलकत्त्यात त्यांचे निधन झाले.

जाळलेल्या पुस्तिकेची एक प्रत मात्र वाचली होती. कुटुंबीयांनी ती बँकेच्या तिजोरीत जपून ठेवली होती. २०११ मध्ये दिल्लीच्या एका कलादालनाने चित्तप्रसादांचे मोठे प्रदर्शन भरविले, तेव्हा त्या प्रतीवरून हुबेहूब आवृत्ती छापण्यात आली. हलक्या कागदावर निघालेली पुस्तिका आता जाड कागदावर, संग्राहकांच्या कपाटात गेली. यावर नाक मुरडणे सोपे आहे. पण ती तिजोरी आणि ते कलादालन नसते, तर १९४३ च्या त्या हिवाळ्यात एका तरुणाने थांबून ज्यांची नावे विचारली होती, त्या मिदनापूरच्या माणसांची नावे आज वाचताही आली नसती.