आजीच्या ओव्यांआधीचे नऊ सेकंद

जरा मोठी पोस्ट आहे, सवडीने वाचा.

आमच्या काकांनी २००३ साली इंदूरच्या जुन्या घरात बसून घराण्याची वेबसाइट केली होती. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, पुस्तक उघडून एकेक ओळ टाइप करायचा. वंशावळ, जुने फोटो आणि मुख्य म्हणजे आजीच्या जात्यावरच्या ओव्या, तिच्याच आवाजात. तीनचार वर्षांनी घरच्या गणपतीचा व्हिडिओही चढवला. नंतर घर पाडून फ्लॅट झाले आणि मूळ कॅसेटी रद्दीबरोबर गेल्या. आजी तर आधीच गेलेली.

मागच्या महिन्यात अमेरिकेतल्या भाचीचा मेसेज आला, "मामा, पणजीचं पान उघडतं, पण वाजत काहीच नाही."

बघतो तर खरंच. ओव्या रिअलऑडिओत होत्या. डायल-अपच्या काळात तेच परवडायचं, फाइल लहान व्हायची. व्हिडिओ फ्लॅशमधला. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात काही चालेनासंच झालं. आपल्या मोबाइलवर तर ही दोन्ही मंडळी कधी धड नांदलीच नाहीत.

मी आधी ओव्यांची फाइल उतरवली. एक केबीसुद्धा नाही! पोटात गोळा आला, वाटलं आवाज गेला. मग ती नोटपॅडमध्ये उघडली, तर आत फक्त एक ओळ, दुसऱ्या फाइलचा पत्ता. ती नुसती चिठ्ठी होती, खरा आवाज दुसऱ्या फोल्डरमध्ये होता. तुमच्याकडे कुणाच्या शेवटी 'रॅम' लिहिलेल्या फायली असतील तर त्या आधी उघडून बघा, घाईने पुसू नका.

पुढचं काम वाटलं तेवढं अवघड नाही. एफएफएमपेग नावाचा फुकटचा प्रोग्रॅम आहे. त्याने ओव्या एमपी३ केल्या, व्हिडिओ एमपी४ केला, आतलं चित्र एच.२६४ मध्ये. मग पानावरचं जुनं जंजाळ काढून एचटीएमएल ५ ची साधी ऑडिओ आणि व्हिडिओची खूण घातली. आता वेगळा प्लेअर लागत नाही. एमपी४ करताना 'फास्टस्टार्ट' लावायला विसरलो होतो, त्यामुळे भाचीकडे व्हिडिओ सुरू व्हायलाच वेळ लागला. फाइलची अनुक्रमणिका शेवटी राहिली होती, ती पुढे आणावी लागते. चित्र मात्र ३२० बाय २४० चं, ते ताणून मोठं केलं की गणपतीही ओळखू येत नाही. लहानच ठेवलं. जे तेव्हा दाबून टाकलं ते आता परत येत नाही, आवाजाचंही तसंच. आजी टेलिफोनवरून गातेय असं वाटतं.

काकांची एक फर्माइश होती, पान उघडलं की आरती आपोआप वाजायला हवी, पूर्वीसारखी. आताचे ब्राउझर बहुतेकदा हात लावल्याशिवाय आवाज सुरू करू देत नाहीत. "हे काय, घरच्या आरतीला पण परवानगी?" काका रागावलेच. मला तो नियम बरा वाटतो, पण बोललो नाही.

सगळं झाल्यावर फोन त्यांच्या हातात दिला. पहिली ओवी लागली. थोडं ऐकून त्यांनी थांबवलं.

"सुरुवातीचं कुठं गेलं?"

"काही नव्हतं काका. कुकरची शिट्टी, भांड्यांचा आवाज. नऊ सेकंद होते, मी कापले."

"काय करून राहिलास रे? तिथे तुझी काकू आहे."

काकूला जाऊन आता चार वर्षं झाली. मूळ फाइल मी वेगळी ठेवली होती म्हणून बरं. हेडफोन लावून परत ऐकलं. शिट्टीच्या मागून, अगदी लांबून, "चहा ठेवू का हो?" आणि काकांचं, "शू, रेकॉर्डिंग चालू आहे."

रात्रीच ते नऊ सेकंद परत जोडले. सकाळी काकांनी ती फाइल तीनदा लावली, आणि तिन्ही वेळा ओवी सुरू व्हायच्या आतच थांबवली.