बारा व्होल्टचा रकाना

बारावीची परीक्षा संपवून पोरगा वडिलांना घेऊन आला, तेव्हा त्याच्या हातात वहीचं फाडलेलं पान होतं. सगळ्यात वर कॅबिनेट: पुढून काच, आत रंग बदलणारे चार पंखे. सगळ्यात खाली, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं, 'एसएमपीएस – कोणताही'. बजेट साठ हजार, मॉनिटरसकट. वडील म्हणाले, "मालक, गेमसाठी पाहिजे म्हणतोय. पण अभ्यासही होईल ना यावर?" मी मान हलवली. या प्रश्नाला गेली पंधरा वर्षं मी मानच हलवतो.

सोलापुरात कॉम्प्युटर जोडून देणं हा माझा धंदा. माल बहुतेक पुण्याच्या तापकीर गल्लीतून येतो. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने जायचं, संध्याकाळी तिनेच परत, मदरबोर्डाचा खोका मांडीवर. यादी कुणाचीही असो, मी ती खालून वाचतो.

याला कारण आहे. धंद्याच्या पहिल्याच वर्षी कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, मी एका गिऱ्हाइकाच्या मशिनला तसाच ठेवला. स्टिकरवर ठसठशीत ४५० वॅट. मे महिन्यात फट् झालं. एकटा गेला असता तर गोष्ट वेगळी. जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. भरपाई माझ्या खिशातून. मग त्या मेलेल्या डब्याचं स्टिकर पहिल्यांदा नीट वाचलं. त्यावर एक तक्ता असतो: ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट आणि प्रत्येकाखाली अँपिअर. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड, दोघंही जेवतात ते बाराच्या ताटात. त्या रकान्यात १६ होते. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. मग ४५० कुठून आले? थोडे बाकीच्या रकान्यांतून, उरलेले छापखान्यातून.

पोराला विचारलं, "खेळतोस काय?" व्हॅलोरंट आणि जीटीए फाइव्ह. व्हॅलोरंटला कार्डापेक्षा प्रोसेसर लागतो, जीटीएला दोन्ही. चोवीस इंची, १०८० पीचा मॉनिटर ठरला की बाकीचं आपोआप आवाक्यात येतं. चार-के मॉनिटर घेऊन त्यावर हलकं कार्ड लावणं म्हणजे लुनाला ट्रॉली जोडणं. त्याच्यासाठी रायझन ५ ५६०० आणि आठ जीबीचं आरएक्स ६६०० काढलं. साठातले जवळजवळ वीस हजार एकट्या कार्डाला गेले, आणि ते तसेच जायला हवेत. कागदावर प्रोसेसर ६५ वॅट, कार्ड १३२. बेरीज १९७. पंखे, एसएसडी अजून धरलेच नाहीत, आणि माझा तो जुना '४५०' इथेच उताणा. चांगल्या ५५० वॅटच्या डब्यावर बाराच्या रकान्यात चाळिसाच्या वर आकडा असतो. नुसता 'एटी प्लस'चा शिक्का बघून भुलू नये. वीज किती वाया जाते एवढंच तो सांगतो. उद्या आत काही शॉर्ट झालं तर डबा वेळेवर बंद पडेल का, हे नाही.

रॅमवरून थोडी वादावादी झाली. त्याला सोळा जीबीची एकच पट्टी हवी होती, "पुढे अजून एक टाकता येईल" म्हणून. मी आठच्या दोन दिल्या. रॅमला दोन रस्ते असताना एक बंद ठेवून गाडी हाकायची कशाला?

खरं भांडण काचेवरून. काचेमागचे पंखे दिसतात छान, पण हवा ओढणार कुठून? सोलापूरच्या एप्रिलात खोलीतच चाळीस अंश असतात. जाळीचं कॅबिनेट दाखवलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. शेवटी मागचा एक पंखा रंगीत दिला. एवढं चालतं.

मशीन पोचवायला मी स्वतः गेलो. टेस्टरचा दिवा लागला, भिंतीच्या सॉकेटला तीन भोकं होती, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नव्हती. अर्थिंग नसलं की एसएमपीएसमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर २३० च्या साधारण निम्मे व्होल्ट येऊन बसतात. करंट अगदी थोडा, पण स्क्रूला हात लावला की झिणझिण्या. वडिलांना सांगितलं, आधी वायरमन, मग कॉम्प्युटर. दोन दिवस पोरगा माझ्यावर रुसला.

तिसऱ्या रात्री साडेअकराला फोन. "काका, पंखे फिरतायत, स्क्रीनवर काहीच नाही!" मी विचारलं, "केबल कुठे लावलीस?" वर, मदरबोर्डाला. ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं, त्यामुळे बोर्डाचं ते एचडीएमआय नुसतं शोभेचं. खाली आडव्या पट्टीत कार्डाचे पोर्ट असतात, केबल तिथे लावायची. आणि मॉनिटर १४४ हर्ट्झचा घेतला असेल, तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन ६० चे १४४ झालेत का, तेही बघून घ्या. बऱ्याचदा झालेले नसतात.