आकुर्डी ते पूना क्लब : छावणीच्या सीमेवरचा प्रवास

पुणे परिसरातील ब्रिटिश क्लबांचा इतिहास सहसा बंडगार्डन रस्त्यावरच्या हिरवळीपासून सुरू केला जातो. परंतु ती हिरवळ ज्या सीमेच्या आत राखली गेली, ती सीमा समजून घ्यायची असेल, तर आकुर्डी स्थानकावर पुण्याकडे जाणारी लोकल पकडणे अधिक सोयीचे ठरते. आकुर्डी आज पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्याचा भाग आहे आणि बजाजच्या स्कूटरींमुळे या गावाचे नाव देशभर पोचले. तथापि 14 जून 1858 रोजी खंडाळा-पुणे लोहमार्ग सुरू झाला तेव्हा ही पवनेच्या खोऱ्यातली शेतीची गावे होती आणि ब्रिटिश लष्कराची हद्द पूर्वेकडे, मुळा नदीच्या काठी होती. येथे सीमा हा शब्द दोन राज्यांमधल्या रेषेपुरता घ्यायचा नाही. 1817 नंतर पेशव्यांचे राज्य संपले, तरी जेत्यांची वस्ती आणि जितांची पेठ यांच्यात जी हद्द आखली गेली, ती सव्वाशे वर्षांहून अधिक काळ टिकली, आणि तिचे सर्वांत आतले कुंपण म्हणजे क्लब होता.

क्लब म्हणजे सभासदांच्या वर्गणीवर चालणारी, सभासदांनीच निवडलेल्या समितीच्या ताब्यातली आणि सभासद व त्यांचे पाहुणे यांच्याखेरीज इतरांना दार बंद ठेवणारी संस्था. लंडनमध्ये ती सधन गृहस्थांची फुरसतीची जागा होती. हिंदुस्थानात मात्र तिला आणखी एक काम आले. घरापासून हजारो मैल दूर, फारशा गोऱ्या शेजाऱ्यांवाचून राहणाऱ्या अंमलदाराला आपण कोण आहोत आणि कोण नाही, याची रोज संध्याकाळी खात्री पटवून देण्याचे ते काम होते.

आकुर्डीनंतरचे स्थानक चिंचवडचे. मोरया गोसावींच्या समाधीमुळे प्रसिद्ध असलेल्या या गावात चापेकरांचा वाडा आहे, आणि दामोदर, बाळकृष्ण व वासुदेव या बंधूंचे स्मारक म्हणून तो जपला गेला आहे. या बंधूंनी तरुणांना जमवून तालीम आणि शस्त्रविद्येच्या अभ्यासासाठी जे मंडळ उभारले, त्याला सरकारी कागदपत्रांत ‘चापेकर क्लब’ म्हटले गेले, ही गोष्ट या प्रवासात ध्यानात ठेवण्यासारखी आहे. छावणीच्या आतल्या क्लबात टेनिस आणि बिलियर्ड चालत असताना छावणीच्या बाहेर, त्याच सत्तेच्या विरोधात, असे मंडळ उभे राहत होते, आणि राज्यकर्त्यांनी दोहोंना एकाच नावाने नोंदवले.

पिंपरी आणि कासारवाडी ही स्थानके मागे पडली की पवना जेथे मुळेला मिळते तेथे दापोडी लागते. सीमेची खरी सुरुवात येथे आहे. दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजी पद्धतीची कवायत शिकलेल्या पलटणी उभारल्या आणि त्यांचे नेतृत्व कॅप्टन फोर्ड याच्याकडे दिले. या पलटणींचा तळ दापोडीला होता आणि फोर्डने तेथे स्वतःसाठी इंग्रजी धाटणीचे घर व बाग उभी केली. पगार पेशव्यांचा, अंमलदार कंपनीचे, अशी ही दुहेरी व्यवस्था 5 नोव्हेंबर 1817 रोजी निकालात निघाली. त्या दिवशी पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारात नेमलेला कंपनीचा प्रतिनिधी, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा संगमावरील आपला बंगला सोडून खडकीच्या तळावर गेला, मागे तो बंगला जाळला गेला, आणि फोर्डच्या पलटणी दापोडीहून निघून इंग्रजांच्या बाजूने लढाईत उतरल्या. पेशव्यांचा जरीपटका सांभाळणारे मोरो दीक्षित हे फोर्डचे स्नेही होते आणि त्याच रणात, फोर्डच्याच पलटणींसमोर ते पडले, असे ग्रँट डफने नोंदवले आहे. दोन समाजांमध्ये घरोबा शक्य होता, याचा हा त्या काळातला एक पुरावा. पुढच्या काळात असा घरोबा क्लबच्या नियमांतच बसेना.

फोर्डचे दापोडीचे घर पुढे सरकारने घेतले आणि गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या काळापासून ते मुंबईच्या गव्हर्नरांचे पावसाळी निवासस्थान झाले. मुंबई इलाख्याचा कारभार पावसाळ्यात पुण्यास हलवण्याची जी पद्धत रूढ झाली, तिचा क्लबांच्या भरभराटीशी थेट संबंध आहे. गव्हर्नर आला की त्याच्यामागे सचिव, सेनाधिकारी, त्यांची कुटुंबे आणि घोड्यांच्या शर्यतींचा हंगाम येई, आणि एवढ्या मंडळींच्या संध्याकाळी कोठेतरी घालवायच्या असत.

खडकी स्थानकावर लष्करी हद्द उघड दिसू लागते. येथे तोफखान्याचे ठाणे होते आणि 1869 साली दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. त्याच्यापुढे, लोहमार्गाच्या पश्चिमेस, गणेशखिंडीचे गव्हर्नमेंट हाउस उभे आहे. सर बार्टल फ्रियर याच्या कारकिर्दीत त्याचे बांधकाम सुरू झाले आणि 1949 पासून तेथे पुणे विद्यापीठ आहे. 22 जून 1897 च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून गोरे अंमलदार याच घरातून परतत असताना, चिंचवडच्या चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. बंद दारांआडच्या मेजवानीतून उघड्या रस्त्यावर येणे हाच त्या रात्री सीमा ओलांडण्याचा क्षण ठरला.

पुणे स्थानकावरून बंडगार्डन रस्त्याने थोडे चालले की पूना क्लब येतो. 1886 साली स्थापन झालेली ही संस्था आजही चालू आहे, तिचे क्रिकेटचे मैदान रस्त्यालगत आहे आणि गोल्फचे मैदान नदीपलीकडे येरवड्यात आहे. त्याहून जुना रॉयल कॅनॉट बोट क्लब 1868 चा. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून बांधलेल्या बंधाऱ्याने मुळा-मुठेचे पाणी अडले, त्या संथ पाण्यावर नौका वल्हवण्याचा शौक सुरू झाला, आणि मुंबईच्या सैन्याचा सरसेनापती म्हणून पुण्यात राहिलेल्या ड्यूक ऑफ कॅनॉट याचे नाव या क्लबला मिळाले. याच गोऱ्या वस्तीत एक जाळीवरचा खेळ इतका रुळला होता की त्याला काही काळ ‘पूना’ असेच म्हणत. पुण्यात 1873 च्या सुमारास त्याचे नियम लिहिले गेले आणि तोच आजचा बॅडमिंटन.

अशा क्लबांत प्रवेश मिळवण्याची रीत पाहण्यासारखी आहे. उमेदवाराचे नाव एक सभासद सुचवी, दुसरा अनुमोदन देई, मग एका झाकलेल्या पेटीत सभासद पांढरे किंवा काळे गोळे टाकत. हात पेटीच्या आत असल्याने कोणी कोणता गोळा टाकला हे कळत नसे, आणि ठरावीक संख्येने काळे गोळे निघाले की अर्ज फेटाळला जाई, त्याचे कारण कोणाला द्यावे लागत नसे. हिंदी माणसाच्या बाबतीत बहुधा पेटीपर्यंत जाण्याचीही वेळ येत नसे, कारण त्याचे नाव सुचवणाराच मिळत नसे. आत रोकड चालत नसे. पेल्याची किंवा जेवणाची किंमत चिठ्ठीवर सही करून मांडली जाई आणि हिशेब महिनाअखेर होई. पैसा डोळ्यांआड ठेवणारी ही रीत ज्या नोकरवर्गाच्या जिवावर चाले, तो मात्र महिन्याच्या ठरलेल्या रुपयांवर राबत असे.

त्या नोकरवर्गातील एक नाव इतिहासात राहिले. 1876 साली धारवाडात जन्मलेले बाळू पालवणकर हे चांभार समाजातले. त्यांचे वडील लष्कराच्या नोकरीत होते, आणि ती नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली होती असे एक सांगणे आहे. बाळू आधी पुण्यातल्या पारशी क्रिकेटपटूंकडे महिना तीन रुपयांवर आणि 1892 च्या सुमारास पूना क्लबात महिना चार रुपयांवर कामास लागले. खेळपट्टीवर रोलर फिरवणे, रेघा आखणे, सरावाची जाळी उभारणे आणि गरजेप्रमाणे टेनिसची अंगणे आखणे हे त्यांचे काम होते. साहेबांपैकी एकाने त्यांच्याकडून सरावासाठी चेंडू टाकून घेतला आणि त्यांच्या डाव्या हाताच्या संथ फिरकीची परीक्षा झाली. पुढे उत्तम फलंदाज म्हणून नाव असलेला जे. जी. ग्रेग हा लष्करी अंमलदार त्यांना तासन् तास गोलंदाजी करायला लावी आणि आपल्याला बाद केल्याबद्दल दर वेळी आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. फलंदाजी मात्र त्यांच्या वाट्याला आली नाही. जाळ्यात चेंडू फेकणे हे चाकराचे काम आणि बॅट हातात धरणे हे सभासदाचे, अशी ती वाटणी होती.

यानंतर जे घडले त्याने क्लबच्या कुंपणापलीकडचे दुसरे कुंपण उघडे पडले. पुण्यातील हिंदू संघाला साहेबांना हरवायचे होते आणि हरवण्याजोगा गोलंदाज साहेबांच्याच मैदानावर रोलर ओढत होता. वाद झाला, शेवटी बाळूंना संघात घेतले गेले, मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांनी हाताळलेला चेंडू झेलू लागले. परंतु चहापानाच्या वेळी बाळूंना तंबूच्या बाहेर, एकदा वापरून टाकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे आणि जेवणही वेगळे. हा संघ गोऱ्यांना हरवू लागला तेव्हा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूंचा जाहीर गौरव केला. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते 1923 साली त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले.

गोऱ्या क्लबांना पुणेकरांनी दिलेले उत्तर पश्चिमेकडे, मुठेपलीकडे पाहायला मिळते. 1906 साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याचे पहिले अध्यक्ष लोकमान्य टिळक होते, आणि याच संस्थेच्या क्रीडा स्पर्धांतून 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी खेळाडू पाठवण्याची कल्पना सर दोराबजी टाटा यांच्या पाठबळाने प्रत्यक्षात आली. बंद दाराला उत्तर म्हणून स्वतःचे दार उभारण्याची ही रीत आत्मसन्मानाची होती. मात्र बाळूंच्या अनुभवावरून एवढे दिसते की दाराची मालकी बदलली म्हणजे दार उघडतेच असे नाही.

बोट क्लबाजवळून नदी ओलांडली की येरवडा लागतो. तेथील तुरुंगात 24 सप्टेंबर 1932 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि गांधीजी यांच्यात समझोता होऊन पुणे करार झाला, आणि त्यावर सह्या करणाऱ्यांत बाळू पालवणकर यांचेही नाव आहे. चार रुपयांच्या नोकरीची जागा आणि त्या सहीची जागा यांत फार तर काही मैलांचे अंतर आहे, पण ते कापायला चाळीस वर्षे लागली. 1937 च्या निवडणुकीत मुंबईत ते आंबेडकरांच्या विरोधात उभे राहिले आणि थोड्या मतांनी हरले.

पूना क्लबाच्या मैदानाने पुढे वेगळी प्रसिद्धीही मिळवली: डिसेंबर 1948 मध्ये महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद 443 धावा येथेच केल्या आणि रणजी करंडकातील तो सर्वोच्च डाव अद्याप मोडलेला नाही. वाचकांना हा विक्रम ठाऊक असतो, त्या खेळपट्टीवर पूर्वी रोलर कोणी फिरवला हे ठाऊक नसते. आज आकुर्डी-रावेत भागात जवळजवळ प्रत्येक नव्या गृहसंकुलाबरोबर क्लबहाउस येते, तेथेही सभासदत्व, कुंपण आणि सफाईचा कर्मचारी या तिन्ही गोष्टी आहेतच. म्हणून या पट्ट्यातल्या क्लबांचा इतिहास जो कोणी लिहील, त्याने सभासदांच्या याद्यांबरोबर नोकरांची हजेरीपत्रके आणि पगारपत्रकेही उघडली पाहिजेत. अशी कागदपत्रे ज्या संस्थांच्या कपाटांत असतील, त्यांनी ती रद्दीत न काढता अभ्यासकांना खुली करावीत.