वेचणीच्या दिवसांतली प्रार्थना

कापसाच्या दिवसांत जैनथला रविवारची प्रार्थना जड जाते. पहिला वेचा सुरू असतो, मजूर मिळत नाहीत, आणि आदिलाबादच्या मार्केटमध्ये आज काय भाव निघाला याचे फोन सकाळपासून चालू असतात. ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की सरकारी खरेदी करणारं भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) भावात कपात करतं, बाराच्या वर गेला तर घेतच नाही. मग रात्री दव पडलं तरी जीव खालीवर होतो. वर्षभराची कमाई त्या ढिगात असते. डोळे मिटून बसलेल्याचं मन वावरात गेलं, तर त्याला मी तरी दोष देणार नाही.

पण मन भरकटतं म्हणजे नेमकं काय होतं, याचा विचार करू लागले की मला पंडिता रमाबाई आठवतात. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्याभोवती जो कल्लोळ उठला तो जन्मभर शमला नाही. इकडे स्वकीयांचा रोष; 1893 मध्ये तर त्यांनी चालवलेल्या शारदा सदन या शाळेतल्या कितीतरी मुली पालकांनी काढून नेल्या. तिकडे चर्चमधल्या वडीलधाऱ्यांशी सिद्धांतांवरून लांबलचक पत्रव्यवहार. सगळ्यांना उत्तरं देत बसल्या असत्या तर आयुष्य त्यातच सरलं असतं.

1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकून दिलेल्या मुलींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यातून उभं राहिलं. पुढे त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं, तेही हिब्रू आणि ग्रीक शिकून. खेड्यातल्या, जेमतेम वाचता येणाऱ्या बाईला कळेल अशा मराठीत. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या मुलीच होत्या. हे काम वर्षानुवर्षं चाललं. दरम्यान कान मंदावले, 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी काम सुटलं नाही. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई वारल्या. संपूर्ण बायबल छापून आलं 1924 मध्ये.

माझ्या मनात घर करून राहिलं आहे ते एवढंच: शेकडो मुलींचं खाणंपिणं, आजारपणं, रडणं हे सगळं भाषांतराच्या आड येणारं होतं, पण रमाबाईंनी ते आड येतं असं मानलं नाही. ज्या प्रभूचं वचन त्या मराठीत आणत होत्या, त्याचीच ती लेकरं होती. बाजूला सारला तो वाद.

आमचं नेमकं उलटं होतं. दारात आलेला माणूस आम्हाला व्यत्यय वाटतो, आणि नाताळात कुणाची रोषणाई मोठी, पुढे कोण बसलं, कुणाच्या सभेला जास्त गर्दी जमली, यात आमचा जीव अडकतो. कापसापेक्षा हे मला कितीतरी घातक वाटतं. कापूस निदान लेकरांच्या पोटासाठी असतो.

आपल्याच मंडळीत एखादी एकटी बाई असते. तिची बोंडं फुटून झाडावरच लोंबतात, कारण वेचायला घरात दुसरे हात नाहीत. येत्या रविवारी प्रार्थना आटोपली की भावाचा फोन लावण्याआधी तिच्या वावरात चला, कमरेला ओटी बांधा आणि दोन तास तिच्यासोबत वेचा.