दोन चिमुरडी, एक आजी आणि न्यूझीलंडचे रस्ते

मुलं लहान आहेत आणि परदेशात स्वतः गाडी चालवत फिरायचं आहे, तर न्यूझीलंडचा विचार नक्की करा. आपल्यासारख्याच तिथेही गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. इंग्रजीत छापलेलं भारतीय लायसन्स पर्यटकांना चालतं. म्हणूनच ताई आणि भावोजींनी एप्रिलच्या सुट्टीत तिथल्या दक्षिण बेटावर जायचं ठरवलं. सोबत सहा वर्षांचा भाचा, तीन वर्षांची भाची, आई आणि मी. सात सीटची गाडी आधीच बुक केली होती.

विमानतळावर एक गोष्ट लक्षात ठेवा. जवळचा खाण्याचा प्रत्येक पदार्थ जाहीर करावा लागतो, लपवला तर ४०० डॉलर दंड. आईचं पॅकबंद मेतकूट आणि पोहे अधिकाऱ्याने उलटसुलट करून पाहिले आणि हसून परत दिले.

खरी लढाई झाली ती ख्राइस्टचर्चच्या पार्किंगमध्ये. तिथल्या कायद्यानुसार सात वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलांना चाइल्ड सीटमध्येच बसवावं लागतं. आमची भाची घरच्या गाडीत कायम आजीच्या मांडीवर. आपल्याकडे हे किती सहज चालतं, नाही? पट्टा लागताच तिने असा काही गळा काढला की विचारू नका. आईचा जीव तुटत होता. "घे गं जरा मांडीवर, कोण बघतंय?" ताई बधली नाही. अर्धा तास रडून पोरगी झोपली. दुसऱ्या दिवशी स्वतःच हात वर करून म्हणाली, "मावशी, पट्टा!"

ख्राइस्टचर्च ते टेकापो हे अंतर साधारण २२५ किलोमीटर. नकाशा तीन तास सांगतो, आम्हाला सहा लागले. जेराल्डीन, मग फेअरली. छोटी छोटी गावं, पण तिथे सार्वजनिक बाग, झोके आणि स्वच्छ, फुकट शौचालय होतंच. (लहान मुलांच्या आयांना यातलं सुख वेगळं सांगायला नको.) फेअरलीत गरम पाय खाल्ले. पाय म्हणजे सारण भरलेली खारी पेस्ट्री. शाकाहारी असाल तर आत काय आहे ते आधी विचारून घ्या.

गाडी चालवणाऱ्यांनी एकपदरी पुलांकडे लक्ष द्यावं. पुलाआधीच्या पाटीवर आपल्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल, तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. हे बाण ओळखण्याची जबाबदारी भाच्याकडे होती. "बाबा, थांबा, आपला बाण छोटा!" असा हुकूम मागून सुटायचा.

टेकापोचं तळं पाहून भाचीने विचारलं, "यात नीळ कोणी टाकली?" हिमनद्या खडक घासत पुढे सरकतात. त्याची पिठासारखी बारीक भुकटी पाण्यात तरंगते, म्हणून तो दुधट निळा रंग. हा सगळा भाग अंधाऱ्या आकाशासाठी राखीव आहे, २०१२ पासून. एप्रिलमध्ये तिथे साडेसातलाच चांगला काळोख होतो, त्यामुळे मुलांना ताटकळत ठेवावं लागलं नाही. पश्चिमेकडे मृग नक्षत्र चक्क उलटं! आपल्याकडे दक्षिणेला अगदी खाली दिसणारा त्रिशंकू तिथे खूप वर. आईने तो लगेच ओळखला.

तिथेच वादाला तोंड फुटलं. पुढचा मुक्काम क्वीन्सटाउन आणि तिथून एका दिवसात मिलफर्ड साउंड, असा बेत होता. जायला चार तास, यायला चार, रस्ता वळणावळणाचा. भाचीला घाटात उलट्या होतात. ताई म्हणाली, मिलफर्ड रद्द. आई गप्प झाली. टीव्हीवर पाहिल्यापासून तिला तेच बघायचं होतं, आणि चौसष्टाव्या वर्षी "पुढच्या वेळी" या शब्दांवर तिचा फारसा विश्वास नाही. दोघींचंही बरोबर होतं, हीच पंचाईत.

शेवटी भावोजींनी सुचवलं, सगळ्यांनी सगळीकडे कशाला जायला हवं? ताई, ते आणि मुलं क्वीन्सटाउनलाच थांबली. आई आणि मी पहाटे टूर बसमध्ये बसलो.

मिलफर्डला धो धो पाऊस. वर्षाला सहा मीटरहून जास्त पाऊस पडणारी ही जागा, त्यात नवल काही नाही. पण पावसामुळेच काळ्या कड्यांवरून शेकडो धबधबे कोसळत होते. सुमारे १,७०० मीटरचं माइटर शिखर थेट समुद्रातून उभं राहिलेलं, अर्धं ढगात. आई मूळची सावंतवाडीची. बोटीच्या कठड्याला धरून, रेनकोटमधून ओरडली, "अगं, ही तर आपली आंबोली! खाली दर्या तेवढा जास्त!"

रात्री परतलो तेव्हा ताईने त्यांच्या दिवसाचा हिशेब दिला. तळ्यात दगड टाकले, आइस्क्रीम खाल्लं, झोके घेतले, मग पुन्हा दगड. भावोजी म्हणाले, अख्ख्या प्रवासात त्यांना हाच दिवस सगळ्यात आवडला. भाची केव्हाच झोपली होती. भाचा मात्र आजीला चिकटून बसला होता आणि आई मोबाइलवरचे धबधबे त्याला एकेक करून मोजायला लावत होती.