डोक्याची गोळी

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या मानवत गावात अर्धशिशीवरचं पहिलं औषध जिलेबी होतं. दिवस उगवायच्या आत गरम दुधात बुडवून खायची. मग सूर्य चढला तरी दुखणं चढत नाही, असं माय म्हणायची. शाळेत असताना माझं डावं कानशील ठणकू लागलं की ती अंधारातच उठवायची, "खाऊन घे बाबा, दिस निघाल्यावर उपेग नाही." कपाळाला सुंठीचा लेप, वरून जुन्या लुगड्याची पट्टी आवळलेली. गुण किती यायचा देव जाणे. जिलेबी मिळायची, म्हणून तक्रार नव्हती.

जिनिंगवर कारकून झालो आणि औषध मायच्या हातातून मेडिकलच्या काउंटरवर गेलं. कापसाची तूस, यंत्रांची घरघर, हंगामातली जागरणं. उन्हाळ्यात तर परभणीचा पारा पंचेचाळीसला सहज टेकतो. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे उन्हाच्या बाबतीत कुणीही मान्य करील. "डोक्याची द्या" म्हटलं की दुकानदार कात्रीनं पट्टी कापून दोन गोळ्या द्यायचा. छापलेलं नाव अर्धं माझ्या तुकड्यावर, अर्धं त्याच्या डब्यात. आपण काय गिळतोय हे मला कित्येक वर्षं माहीत नव्हतं.

गोळीनं भागेना तेव्हा दारू आली. आधी दुखतं म्हणून, पुढे दुखत नसलं तरी. त्या काळाबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही. सगळ्या दारुड्यांची गोष्ट एकच असते.

पनवेल एक्स्प्रेसनं पुण्याला, मुक्तांगणला गेलो. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी पु. ल. व सुनीताबाईंच्या मदतीनं 1986 साली सुरू केलेलं हे व्यसनमुक्ती केंद्र. तिथे दारू सुटली. अर्धशिशी सुटली नाही.

गावाकडे एका जुन्या, सुधारलेल्या मित्रानं बजावलं, "भाऊ, गोळी म्हंजी दुसरी दारूच." त्याचा हेतू चांगला होता, पण सल्ला धोक्याचा. अंगावर काढलेलं दुखणं माणसाला सरळ गुत्त्यावर नेतं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचंही म्हणणं आहे की औषधाच्या बाबतीत कुणा सभासदानं डॉक्टर होऊ नये.

परभणीच्या डॉक्टरांपुढे बसल्या बसल्या सांगितलं, "मी दारू सोडलेला माणूस आहे." त्यांनी लिहायला घेतलेला कागद बाजूला सारला आणि नवा घेतला. दुखणं येऊच नये म्हणून रोज प्रोप्रॅनोलॉल. या गोळीनं नशा येत नाही. आलंच तर सुरुवातीलाच सुमाट्रिप्टान. कोडीन, ट्रामाडोल आणि झोपेच्या गोळ्या माझ्यासाठी बंद. ट्रामाडोल तर 2018 पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. एवढंच नव्हे, आसव-अरिष्टंही नकोत, त्यांत मद्यार्क असतो. शेजारच्या काकूंनी प्रेमानं दिलेली दशमूलारिष्टाची बाटली परत करताना फार अवघडल्यासारखं झालं.

मला नवी होती ती एक गोष्ट: डोकेदुखीच्या गोळ्यांनीच डोकं दुखतं. साधी वेदनाशामकं महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान किंवा मिश्र गोळ्या 10 किंवा जास्त दिवस, अशा तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या तर औषधच दुखणं धरून ठेवतं. कात्रीनं कापलेल्या त्या गोळ्यांचा हिशेब तेव्हा लागला.

आता सुमाट्रिप्टानची पट्टी बायकोच्या कपाटात असते. मागितली की ती देते आणि कालनिर्णयवर त्या तारखेला फुली मारते. माझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे; ठणका लागला की मोजणं मला जमत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. एकादशी मी सोडली, उपाशी पोटी डोकं हमखास उठतं. पांडुरंगाची हरकत नसावी.

मेडिकलवाल्यांना मात्र एक विनंती आहे. तोच माणूस दर दोन-चार दिवसांनी "डोक्याची द्या" म्हणत आला, तर कात्री खाली ठेवा आणि त्याला डॉक्टरकडे पाठवा.